आम्रपालीचा उजवा हात

॥ नमो बुद्धाय ॥

हडपसर, पुणे
१२ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
आम्रपालीचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आणि कळण्याचं पीठ दोन्ही पोचलं. पिशवीला तू एवढा दोरा गुंडाळला होतास की तो सोडवता सोडवता तुझे जावई चालवतात त्या कंपनीच्या बसची वेळ चुकता चुकता राहिली. मग दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्याच पिठाची भाकरी त्यांनी स्टिअरिंगवर ठेवून खाल्ली म्हणे. तुला धन्यवाद सांगितले आहेत.

परवा फोनवर बोलले त्याचा खुलासा करते. मैत्री पास झाली, असं मी म्हणाले होते. मैत्रीला त्रास झाला, असं तू ऐकलंस आणि दिवसभर घोर लावून बसलीस. लेक माझी वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.चं पहिलं सत्र पास झाली आहे आणि अगदी ठणठणीत आहे. तुझं कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी वाजते, म्हणून यापुढे महत्त्वाचं सगळं पत्रानेच कळवीन.

माझं कंडक्टरचं काम नेहमीसारखं चालू आहे. हडपसर ते कोथरूड, कोथरूड ते हडपसर. उजवा हात मात्र हल्ली आळशी झालाय. तिकिटाचं मशीन दोनदा हातून पडलं. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा एका आजोबांनी सल्ला दिला की मशीन धरवत नसेल तर निदान बेल तरी वेळेवर मारा. थंडीने मान अवघडली असणार. बाम चोळते आहे. काळजी करू नकोस.

तुझी माया अशीच मागे उभी असू दे.

तुझी,
आम्रपाली


भुसावळ
१८ जानेवारी २०२४

चि. आम्रपालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. मजकूर एकदा वाचला आणि अक्षर चार वेळा पाहिलं.

पहिल्या पाच ओळी तुझ्या आहेत. मग शब्द खाली घसरायला लागतात, शिरोरेघ तुटते, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘ण’चा पाय कुठेच दिसत नाही. तुझी आई गेल्यावर मीच तुझा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतलं आहे. चौतीस वर्षं रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होते. मान अवघडल्याने अक्षर असं होत नाही, एवढं मला नोकरीतून निघून अठरा वर्षं झाली तरी कळतं.

२०१९ मध्ये तुझ्या छातीची गाठ काढली. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की कुठेही काही वेगळं वाटलं तर घरी बसून कारणं शोधायची नाहीत, येऊन सांगायचं. तू बाम शोधलास. त्याच डॉक्टरांकडे जा आणि मशीन किती वेळा पडलं, ते खरं सांग. दोनदा म्हणतेस म्हणजे चारदा पडलं असेल.

तुला घाबरवायचं नाही. तू सहा वर्षांची असल्यापासून दुखणं लपवतेस, म्हणून असं कठोर लिहिते. हे पत्र मैत्रीला वाचायला दे.

जपून राहा, आणि माझं ऐकत जा.

तुझी,
कांताआत्या


हडपसर
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्याआजी,
मैत्रीचा जयभीम.

सॉरी, तुझं पत्र आईने मला दिलंच नाही. तीन दिवस उशीखाली होतं. मला मिळालं तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. आता क्रमाने सांगते, आणि काहीही लपवत नाही. तुला लपवलेलं कळतं.

२४ तारखेला दुपारी पुलगेटजवळ आईचा उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला. ती शुद्धीत होती, हाताकडे बघत होती, पण तो थांबेना. दोन मिनिटं असं चाललं. ड्रायव्हर सुखदेवकाकांनी बस मार्ग सोडून थेट हॉस्पिटलच्या दारात नेली, आत बसलेल्या तीस-चाळीस जणांसकट. काकांनी कुणाला विचारलंही नाही. नंतर कळलं की एकानेही तक्रार केली नाही. पुण्यात, आत्याआजी!

एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला, हात हलवणाऱ्या आणि बोलायला लावणाऱ्या भागाला खेटून, मोठ्या लिंबाएवढी गाठ आहे आणि भोवती सूज आहे. छातीचाच कॅन्सर तिथे जाऊन बसलाय. बाकी सगळ्या अंगाचं स्कॅन केलं, त्यात कुठे काही नाही. डोक्यातही ही एकच. मेंदूच्या सर्जन डॉ. स्पृहा केळुसकर म्हणाल्या की एकच गाठ असणं आणि बाकी शरीर शांत असणं ही यातली चांगली बातमी आहे. अशा वेळी गाठ काढून नंतर त्या रिकाम्या जागेला किरणं देतात. गाठ एवढी मोठी असताना नुसत्या किरणांनी सूज लवकर उतरत नाही, आणि तोवर हात जाऊ शकतो. रोग मुळापासून जाईल असं त्या म्हणाल्या नाहीत. हा रोग असलेल्या बायका नव्या औषधांवर काही वर्षं नीट जगताना त्यांनी पाहिल्यात, पण आईला किती ते कुणी सांगू शकणार नाही, असं म्हणाल्या.

बाबा तयार नाहीत. डोकं उघडायचं नाही, एवढंच वाक्य त्यांनी धरून ठेवलंय. डॉक्टरांसमोर ते उठून बाहेर गेले. आई दोघांचं ऐकते आणि भाकरी मागते, सुजेच्या गोळ्यांनी तिला सारखी भूक लागते. तिला काय वाटतं, ते ती बोलत नाही.

बाबा तुझं ऐकतात. त्यांना लिहिशील का? रिपोर्टच्या प्रती सोबत पाठवते.

तुझी लाडकी (आणि खूप घाबरलेली),
मैत्री


भुसावळ
९ फेब्रुवारी २०२४

श्री. श्यामसुंदर यांस,
कांताबाईंचा सप्रेम जयभीम.

जावयाला कडक पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, आणि त्याची सुरुवात माझ्याच कबुलीने होते आहे. मैत्रीचं पत्र आलं त्या दिवशी मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. त्यात तुमच्याच बाजूने लिहिलं होतं की करू नका. पाकीट चिकटवून ठेवलं होतं.

कारण सांगते. १९८३ साली आमच्या वॉर्डात पोपट नावाचा पेशंट होता, रूळ बदलणारा पॉइंट्समन. धिप्पाड माणूस, सगळ्यांच्या नकला करायचा. डोक्यात गाठ निघाली, मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन केलं आणि आमच्याकडे परत पाठवलं. त्याची बायको उशाशी बसली होती. ही बाई कोण, असं त्याने मला विचारलं. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. तेव्हापासून डोक्याचं ऑपरेशन म्हटलं की माझ्यासमोर तोच पलंग येतो.

पण टपालपेटीपाशी गेले आणि पाय अडला. तिथून रिपोर्ट घेऊन आमच्या इथल्या एका तरुण डॉक्टरांकडे गेले. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी तासभर वहीत लिहून लिहून समजावलं. पोपटच्या वेळी असं स्पष्ट स्कॅन नव्हतं, बरंचसं अंदाजाने उघडत होते. आता गाठ नेमकी कुठे आहे, ते आधी दिसतं. काढताना हात आणि बोलणं तपासत जातात, त्यासाठी पेशंटला मध्ये जागंही ठेवतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही, हे मला नर्स असून माहीत नव्हतं. त्यांनी हेही लिहिलं की हात आणखी अधू होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, खात्री कुणीच देणार नाही. तीही ओळ मी अधोरेखित करून आणली आहे.

श्यामसुंदरराव, माझी भीती चाळीस वर्षांची जुनी आहे आणि तुमची पंधरा दिवसांची. या दोन्ही भीती तिच्या डोक्यावर ठेवू नका, तिथे आधीच गर्दी झाली आहे. मैत्रीच्या पत्रात तुम्ही काय म्हणता ते आहे, डॉक्टर काय म्हणतात ते आहे. आम्रपालीला कुणी विचारल्याचं कुठेच नाही. विचारा. ती नाही म्हणाली तर मी तुमच्यासोबत आहे, हो म्हणाली तरी आहे.

रागावला असाल तर रागावा, पण लोभ मोडू नका.

आपली,
कांताबाई


हडपसर
१४ फेब्रुवारी २०२४

आदरणीय आत्याबाईंस,
सविनय जयभीम.

मला पत्र लिहायची सवय नाही. चूकभूल सांभाळून घ्यावी.

आपलं पत्र हिंजवडीला बस उभी असताना तीनदा वाचलं. घरी आल्यावर तिला विचारलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिचं तिलाच ठरवू द्यावं, असं मी बहुधा पहिल्यांदाच केलं. ती म्हणाली, रोग जाणार नाही हे तिला डॉक्टरांनी एकटीला बसवून सांगितलंय आणि तिला ते समजलंय. जेवढे दिवस असतील तेवढे स्वतःच्या हाताने जेवायचंय, साडी स्वतः नेसायचीय आणि मैत्रीशी भांडताना शब्द शोधावे लागू नयेत. त्यासाठी डोकं उघडावं लागलं तर उघडा म्हणाली. मी घाबरलो होतो म्हणून ती गप्प होती. मला दुखवायला नको, म्हणून.

सही केली. ऑपरेशन २० तारखेला आहे. सही करताना माझा हात थरथरला. ती म्हणाली, तुमचंही स्कॅन करून घ्या.

आपण लिहिलंत, उपकार झाले.

आपला,
श्यामसुंदर


हडपसर
२७ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्याआजी,
जयभीम.

‘आई सुखरूप’ हा तारेसारखा निरोप तुझ्या शेजाऱ्यांच्या फोनवरून तुला पोचला असेल. आता सविस्तर.

शस्त्रक्रिया पाच तास चालली. त्यातला दीड तास आई जागी होती. डॉ. स्पृहांनी तिला सांगितलं होतं की मूठ उघडझाप करत राहायची आणि बोलत राहायचं. काय बोलू, असं आईने विचारलं. झोपेतही आठवेल असं काहीही, असं त्या म्हणाल्या. मग आईने हडपसर ते कोथरूड डेपो सगळे थांबे म्हणायला घेतले. मगरपट्टा, फातिमानगर, पुलगेट, स्वारगेट. डेक्कनच्या पुढे एका ठिकाणी तिची जीभ अडकली. तेवढ्यात डॉक्टरांनी हात मागे घेतला, आणि त्या जागेला पुन्हा शिवल्या नाहीत. परतीच्या फेरीत आईने भूल देणाऱ्या डॉक्टरांना दारात उभे राहू नका, आत सरका, असं सुनावलं म्हणे. हे मला तिथल्या सिस्टरने हसत हसत सांगितलं, आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले. बिचारीला कळेना काय चुकलं.

दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये गाठ पूर्ण निघालेली दिसते. बोलणं उत्तम. बाबांना भेटल्या भेटल्या शर्टाचं बटण तुटलंय म्हणाली.

पण आत्याआजी, उजवा हात हलत नाही. अजिबात नाही. आज सातवा दिवस. डॉक्टर म्हणतात, जवळून काम केल्यामुळे सूज आहे, ती उतरू द्या. बहुतेकांचा हात परत येतो, सगळ्यांचा नाही. आई दिवसभर त्या हाताकडे बघत असते. काल मला म्हणाली की ‘हो’ म्हणून आपण चूक केली. मला काही उत्तर देता आलं नाही.

शेजारच्या पलंगावर मांजरी गावच्या मुक्ताबाई आहेत, शेतकरी घरच्या. त्यांना तीन गाठी होत्या, मोठी काढली. त्या रोज सकाळी आईला विचारतात, हाय का गं बोटात जीव? आई मान हलवते. मग त्या म्हणतात, उद्या इल.

तू काहीतरी लिही.

तुझी,
मैत्री


भुसावळ
२ मार्च २०२४

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर देता आलं नाही, हे बरं झालं. अशा वेळी उत्तर नसतं. जवळ बसायचं असतं, ते तू करते आहेस.

तिचा हात पांघरुणाखाली ठेवू नका. बाहेर, उशीवर, तिला दिसेल असा ठेवा. व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगतील तसं तुम्ही बोटं हलवा, आणि ती हलवायचा प्रयत्न करत असताना घड्याळाकडे बघू नका. ती चिडली तर चिडू द्या. तिचं चिडणं शाबूत राहावं म्हणून तर डॉक्टरांनी एवढी मेहनत घेतली.

मी इथे रोज संध्याकाळी वंदनेला बसते. मागणं काही मागत नाही, तुमच्या तिघांची नावं तेवढी घेते. या आठवड्यापासून मुक्ताबाईंचं आणि डॉ. स्पृहांचंही घेते.

तुम्हा सगळ्यांवर माझा जीव आहे, हे विसरू नका.

तुझी,
आत्याआजी


हडपसर
२१ जुलै २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

अक्षर बघ आणि मगच मजकूर वाच. दुसरीतल्या मुलीचं वाटतं ना? माझंच आहे, उजव्या हाताचं. हे एक पान लिहायला दोन दिवस लागले.

नवव्या दिवशी अंगठा हलला. मुक्ताबाईंनी आधी पाहिलं आणि साऱ्या वॉर्डाला ओरडून सांगितलं. त्यानंतर महिनाभर फक्त अंगठा आणि मग एकदम चार बोटं. रिकाम्या जागेला पाच दिवस किरणं दिली. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला अडकवतात. तुझे जावई बाहेर बसून हनुवटी खाजवत होते. जाळी मला टोचत होती आणि खाज त्यांना सुटत होती. गोळ्या चालू आहेत, त्यांनी पोट बिघडतं, पण तेही सवयीचं झालंय. दर तीन महिन्यांनी स्कॅन. ते जवळ आलं की घरात कुणी कुणावर ओरडत नाही, त्यावरूनच तारीख कळते.

झटक्यांमुळे मला पुन्हा बसवर जाता येणार नाही. डेपोने पासच्या खिडकीवर बसवलंय. बसून कंटाळा येतो, पण पहिल्याच दिवशी सुखदेवभाऊ सगळ्या ड्रायव्हरांना घेऊन खिडकीशी रांग लावून उभे राहिले, पास नको असताना. मी त्यांना मागे सरका म्हणाले आणि मग खिडकी बंद करून रडून घेतलं.

तुझी उशीची सूचना मैत्रीने भिंतीवर चिकटवली होती. तुझे पाय लांब आहेत, नाहीतर धरले असते. आठवण ठेव.

तुझीच,
आम्रपाली


हडपसर
१८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
आम्रपालीचा सविनय जयभीम, वि. वि.

खूप दिवसांनी मोठं पत्र लिहिते आहे. दोन बातम्या मी मुद्दाम मागे ठेवल्या होत्या. रागाव, पण आधी वाच.

ऑगस्टच्या स्कॅनमध्ये एक नवा ठिपका निघाला. उजव्या बाजूला, मागे, वाटाण्याहून लहान. त्या दिवशी आम्ही तिघं हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. ऑपरेशन लागलं नाही. एवढ्या लहान ठिपक्याला एकाच दिवशी नेमकी किरणं दिली आणि संध्याकाळी घरी सोडलं. गेल्या आठवड्यात पुन्हा स्कॅन झालं, तो आकसला आहे. डावीकडची जुनी जागा स्वच्छ आहे. डॉ. स्पृहांनी सरळ सांगितलं की पुन्हा कुठेतरी निघू शकतो, निघाला तर पुन्हा बघू. मी बरं म्हणाले. हे ‘बरं’ म्हणायला मला एकवीस महिने लागले.

दुसरी बातमी मुक्ताबाईंची. त्या जानेवारीतच गेल्या, घरी, आपल्या माणसांत. ऑपरेशननंतर अकरा महिने मिळाले. चालत होत्या, नातवंडांना ओळखत होत्या, पण उन्हाळ्यापासून शब्द हरवायला लागले ते परत आले नाहीत. मी महिन्यातून दोनदा मांजरीला जायचे. शेवटी शेवटी त्यांना माझं नाव येत नव्हतं. मला पाहिलं की अंगठा हलवून दाखवायच्या आणि हसायच्या.

आता परवाचं सांगते. डॉ. स्पृहांनी मला तरुण डॉक्टरांच्या सभेत बोलावलं होतं. मेंदूत पसरलेल्या रोगाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटांचं पुढे काय होतं, हा विषय. पडद्यावर आलेख होते. किती जण सहा महिन्यांनी, किती वर्षाने, किती दोन वर्षांनी. त्यांनी मला सांगितलं की यातला एक ठिपका तुम्ही आहात, आता तुम्ही बोला.

चाळीस पांढरे कोट समोर. भरलेल्या बसमध्ये मी कधी घाबरले नाही, तिथे घाबरले. मग सांगितलं. या एकवीस महिन्यांत मुलगी एम.एस्सी. झाली, तिच्या पदवीच्या दिवशी मी स्वतः निऱ्या घातल्या. नवऱ्याला भाजी निवडायला शिकवली, त्याला मेथी अजून येत नाही. कोथरूडपर्यंत प्रवासी म्हणून बसने गेले आणि कळलं की खिडकीतून दिसणारं पुणे मी तीस वर्षांत पाहिलंच नव्हतं, माझी पाठ कायम तिकडे असायची. हे तुमच्या आलेखात कुठे बसतं ते मला ठाऊक नाही, पण बसवा म्हणाले. आणि मुक्ताबाईंचाही ठिपका तिथे आहे ना, असं विचारलं. आहे, असं डॉ. स्पृहा म्हणाल्या, अकरा महिन्यांवर. त्या कोण होत्या तेही मी सांगितलं.

शेवटी एका तरुण डॉक्टर मुलीने हात वर केला. तिने चाचरत विचारलं की हात परत आलाच नसता, तरी तुम्ही ऑपरेशनला हो म्हणाला असता का?

आत्या, तुझे जावई मागच्या रांगेत होते, त्यांनी मान खाली घातली. मी म्हणाले की हात नुसता पडून होता त्या नऊ दिवसांत मला विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि ते खरं होतं. आज विचारता तर हो म्हणते, आणि हेही खरं आहे. तुमच्यासमोर जो पेशंट असेल त्याला दोन्ही उत्तरं सांगा. मग त्याला विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.

डॉ. स्पृहांनी ते लिहून घेतलं. मला त्यांचे आभार मानायचे होते, पण तिथे जमलं नाही. जिन्यात गाठून मानले. त्या म्हणाल्या की त्या दिवशी दोन्ही फेऱ्या तुम्ही मध्येच न सोडता पूर्ण केल्यात, आभार आम्हीच मानायला हवेत.

घरी येताना रिक्षात मी मनात सगळ्यांची नावं घेत होते. सुखदेवभाऊ, त्या बसमधले तीस-चाळीस न बोललेले पुणेकर, मुक्ताबाई, मैत्री, सही करणारे तुझे जावई. आणि तू. चिकटवलेलं पाकीट टपालात न टाकता घेऊन परत फिरलीस, ते ह्यांनी मला मागच्या महिन्यात सांगितलं. त्या दिवशी तू घाबरलेली होतीस हे मला माहीतच नव्हतं. ह्यांनी तुझं ते पत्र दाखवलं, तर अक्षरात एवढासाही थरथराट नव्हता.

त्या वेळी तू नर्स म्हणून लिहिलंस की आई म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. दोघींनाही माझा जयभीम.

तुझीच,
आम्रपाली